दाराजवळची टॉवेलवाली खुर्ची

डोंबिवलीच्या एमआयडीसीत रबराच्या रिंगा बनवणारा एक छोटा कारखाना आहे. कुकरच्या झाकणात बसते ना, तसली रिंग. त्या कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत एक खुर्ची आहे. फिरणारी, उंच पाठीची, आणि पाठीवर पांढरा टॉवेल. असा टॉवेल आपल्याकडे कुठल्याही सरकारी साहेबाच्या खुर्चीवर असतो. तो का टाकतात हे कुणी विचारत नाही, पण टॉवेल दिसला की खुर्ची मोठ्या माणसाची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जपानी माणसाला कळत नाही. आणि कळत नाही तेच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी जपानी भाषेची दुभाषी. राहते नौपाड्यात. मुलगी शाळेत जायला लागली आणि दुपारी घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं, तेव्हा मी जपानीच्या क्लासला नाव घातलं. नवरा म्हणाला, "अगं, आधी माझ्याशी तरी धड बोल." त्याच्याशी अजून धड बोलत नाही, पण जपानी मात्र फर्मास बोलते. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही कंपनीत जपानी पाहुणे आले की मला फोन येतो. आता दुभाष्याची जागा कुठे असते, तर साहेबाच्या मागे, जरा तिरकं, स्टुलावर. टेबलाला हात लागायचा नाही. पाण्याची बाटली टेबलावर ज्यांना जागा त्यांना. पहिल्या वर्षी मला याचा भयंकर राग यायचा. पुढे मानधन बरं मिळायला लागलं तसा राग येईनासा झाला, खोटं कशाला बोला.

तर काही वर्षांपूर्वी या रबराच्या कारखान्यात दोन जपानी पाहुणे यायचे होते. त्यांची कंपनी विजेवर चालणारे भाताचे कुकर बनवते, आणि झाकणातली रिंग डोंबिवलीहून घ्यायचं चाललेलं. एक विभागप्रमुख, साठीकडे झुकलेले, सडपातळ, इतके सभ्य की लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं तरी लिफ्टला सॉरी म्हणतील. त्यांना मी साहेब म्हणेन. आणि बरोबर एक बाई, चाळिशीच्या आसपासची, लहानखुरी, दोन्ही हातांत पिशव्या. साहेबांच्या हातात फक्त छत्री.

शनिवारी विमानतळावरून त्यांना ठाण्याच्या हॉटेलात आणताना ती सरळ पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. साहेब मागे, ड्रायव्हरच्या पाठीशी. ही त्यांच्याकडची ठरलेली पद्धत. गाडीत सगळ्यात मान ड्रायव्हरच्या मागच्या जागेला, सगळ्यात कमी त्याच्या शेजारच्या. खोलीतही तसंच. दारापासून जितकं लांब तितका माणूस मोठा, आणि दाराला चिकटून बसेल तो सगळ्यात धाकटा, कारण ऊठबस त्याने करायची. मला हे पाठ होतं. ड्रायव्हरला काय माहीत? तो अवघडून गेला. रात्री मला म्हणतो, "मॅडम, त्या ताईंना सांगा ना पाठी बसायला. मला गाणीपण लावता येत नाहीत."

रविवारी सुट्टी होती. साहेब हॉटेलात झोपून राहिले आणि ती माझ्याबरोबर नौपाड्यात फिरायला आली. तिला स्टीलचा डबा घ्यायचा होता. दुकानदाराने पंधरा डबे काढून दाखवले, तिने पंधराही डब्यांची झाकणं उघडून-लावून पाहिली, आणि पंधरा वेळा त्याला धन्यवाद दिले. मग मी तिला घरी घेऊन आले. पोहे केले. ती स्वयंपाकघरात माझ्या मागेच उभी. ओट्यावरचा माझा कुकर दिसला तशी तिने परवानगी विचारली, झाकणातली रिंग काढली, आणि डोळे मिटून तिचा वास घेतला.

"माझं कामच आहे," ती म्हणाली. तक्रारीचे फोन ती घ्यायची. तिच्या ऑफिसात ते बायकांनीच घ्यायचे. पुरुषाने घेतला तर गिऱ्हाईक जास्त चिडतं म्हणे. भाताला रबराचा वास येतो, अशी तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्या बायका तिच्याशी तासन्‌तास बोलायच्या. मुलगा येत नाही, गुडघे दुखतात, सगळं सांगायच्या.

मग पोहे खाता खाता तिने स्वतःचं सांगितलं. त्यांच्या कंपनीत नोकरीला लागतानाच दोन वाटा. एक मुख्य वाट, तिच्यावरून माणूस वर चढत जातो. दुसरी मदतीची, तिच्यावरून कुठेच जात नाही. कायद्याने म्हणे कुणीही कुठलीही वाट धरावी. पण मुलाखतीला आलेल्या मुलींना हळूच विचारायचे, लग्नानंतर काय करणार, बदली झाली तर चालेल का, आणि मुली आपोआप दुसऱ्या वाटेवर. हीसुद्धा. त्यानंतर दर वर्षी कॉलेजातून नवीन मुलं आली की त्यांना काम शिकवायचं हिने. दोन-चार वर्षांत तीच मुलं हिची साहेब. मग त्यांच्यासाठी पाहुण्यांना चहा नेऊन द्यायचा हिने.

"आणि तुम्ही गप्प बसलात?" मी म्हटलं. मला राग लगेच येतो, दुसऱ्याच्या बाबतीत तर जास्तच.

गप्प नव्हती बसली. मुख्य वाटेवर घ्या म्हणून तिने अर्ज केला होता. त्यासाठी विभागप्रमुखाने सांगावं लागतं की ही बाई जबाबदारी घेऊ शकते, स्वतः निर्णय करू शकते. साहेब म्हणाले होते, "भारतात चला. तिथे बघतो." हा शेवटचा मोका होता. यावेळी हुकला तर त्यांच्या नियमात तिचं वय बसत नव्हतं. म्हणजे निवृत्तीपर्यंत फोन आणि चहा.

"मग या आठवड्यात तुम्हाला निर्णय कसला करायला देणार आहेत?"

ती हसली. "भेटवस्तू वाटायला दिल्यात."

मी हातातली बशी खाली ठेवली. आपल्याकडे तरी काय दिवे लागलेत म्हणा. महिला दिनाला गुलाब देतात आणि त्याच बाईला सांगतात, समोसे किती मागवायचे बघ जरा. पण परीक्षा घ्यायची आणि पेपरच द्यायचा नाही, हे मला फार लागलं. माझ्या घरी बसून माझे पोहे खाल्लेलं माणूस ते. एकदा कुणी माझ्या घरी जेवलं-खाल्लं की ते आपलं होतं, त्याला इलाज नाही.

सोमवारी आम्ही शीळफाट्याच्या वाहतुकीतून रखडत रखडत डोंबिवलीला पोचलो. कारखान्याचे मालक गेटवर उभे. मूळचे रत्नागिरीकडचे, गडगडाटी आवाजाचे, मनाने मोकळे. आधी साहेब पुढे झाले आणि वाकून दोन्ही हातांनी आपलं जपानीत छापलेलं कार्ड दिलं. ती मागे उभी राहिली. तिच्याकडे कार्ड नव्हतं, मदतीच्या वाटेवरच्या माणसांना तिकडे कार्ड छापून देत नव्हते. मग तिने पुढे येऊन मिठाईचा सुबक बांधलेला खोका मालकांच्या हातात ठेवला. मालक आधी कार्डाकडे, मग तिच्याकडे बघत राहिले. पुढे मला ते म्हणाले ते ऐका. "कसंय मॅडम, आपल्याकडे मंत्री आला की पीए पुढे येतो कार्ड द्यायला. मोठ्या माणसाला कार्ड लागतंच कुठे? आणि भेट कोण देणार? मालकच देणार ना!"

आम्ही मीटिंगच्या खोलीत आलो. त्या खोलीची आतली भिंत थेट प्रेसच्या शेडला लागून आहे. तिकडे दिवसभर रबर तापवतात, त्यामुळे भिंतीला पाठ टेकली तर पापडासारखी भाजून निघेल. म्हणून मालकांनी एसी लावलाय दारावर, आणि खास पाहुण्याची टॉवेलवाली खुर्ची एसीखाली, दाराजवळ. साहेब आत शिरले. टॉवेलाचा त्यांना काही अर्थ लागला नाही. ते रीतसर दारापासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे तापलेल्या भिंतीशेजारच्या साध्या खुर्चीवर जाऊन बसले. आणि ती रीतसर सगळ्यात धाकट्याच्या जागी. दाराजवळ. टॉवेलवाल्या खुर्चीत.

झालं. मालकांच्या मनात काही शंका उरली असेल तर तीही गेली.

पहिलं शहाळं तिच्यापुढे आलं. मालकांची बायको, जी कारखान्याचं सगळं बिलिंग जिन्याखालच्या टेबलावर बसून सांभाळते, ती ताट घेऊन आली. तिने आधी हिला हळद-कुंकू लावलं, नारळ दिला, अंगावर शाल घातली, आणि माझ्या कानात म्हणाली, "बाई साहेब आहे! मला कित्ती बरं वाटलं!" साहेबांनाही शाल मिळाली, पण हिच्यानंतर. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा, हे हिला प्रमुख समजतायत!

तिथल्या तिथे चूक सांगणं माझं काम होतं का? मी स्टुलावर बसून विचार केला. दुभाष्याचा नियम असा की कुणी बोललं ते पोचवायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. साहेब कोण, असं मला कुणी विचारलंच नव्हतं. नियम म्हणजे नियम. एरवी मी नियमांची एवढी भोक्ती नाही, पण त्या दिवशी मला तो नियम फार आवडला.

मालकांनी रिंगांचे नमुने टेबलावर मांडले आणि खुर्ची तिच्याकडे वळवून बोलायला लागले. रिंग मापात बरोबर होती, पण गरम वाफेत थोडा वास येत होता. दुसरं रबर वापरलं तर वास जाईल, पण साचा नव्याने जमवावा लागेल आणि माल ठरलेल्या तारखेला निघणार नाही. तिकडे नव्या कुकरची जाहिरातसुद्धा ठरलेली. मालकांनी सगळं सांगून झाल्यावर दोन्ही हात टेबलावर टेकले.

"मॅडम, मला एकच सांगा. तारीख महत्त्वाची की वास? तुम्ही म्हणाल तसं आपण करू."

मी जपानीत सांगितलं आणि सांगताना स्टूल तिच्याकडे वळवलं. प्रश्न तिला होता, तो तिलाच द्यायला हवा ना. भिंतीकडून साहेब रुमालाने घाम टिपत बोलायला लागले, "हा विषय आम्ही परत नेऊन, तिथे सर्वांशी बोलून..."

"साहेब, एक मिनिट," मालकांनी हात वर केला. "मॅडमना बोलू द्या."

आता हे वाक्य साहेबांना सांगायचं मी! पण सांगितलं, शब्दाला शब्द, आवाज न चढवता, न उतरवता. इतकं चोख भाषांतर मी जन्मात केलं नव्हतं. साहेबांनी दातांतून हवा आत ओढली. जपानी माणूस असं करतो तेव्हा समजायचं, प्रकरण अवघड आहे.

तिचा चेहरा शांत होता. मी टेबलापासून मागे, स्टुलावर बसलेली, त्यामुळे टेबलाखालचे हात फक्त मला दिसत होते. शालीचं टोक तिने मुठीत असं काही पिळलेलं की आता फाटतंय. तिला कळलं होतं. मालकांची चूक, साहेबांची अडचण, सगळं तिला एका क्षणात कळलं होतं. ती 'साहेबांना विचारा' म्हणू शकली असती. वीस वर्षं तेच म्हणत आलेली. मी मनातल्या मनात म्हटलं, अगं बाई, बोल. आता नाही बोललीस तर माझ्या पोह्यांची शपथ आहे तुला.

"वास," ती म्हणाली. "वास जायला हवा. तारखेचं मी बघते."

मी मराठीत सांगितलं. मालकांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात निर्णय! नाहीतर आमच्याकडे सहा महिने नुसती ईमेलची मेलामेली चालते."

आणि साहेब? त्यांना वाटलं असतं तर एका वाक्यात सगळं मोडता आलं असतं. पण मग परक्या माणसासमोर सांगावं लागलं असतं की या बाईला इथे काही अधिकार नाही, आणि मालकांनी शाल-नारळ चुकीच्या माणसाला दिला. यजमानाला त्याच्याच घरात तोंडघशी पाडायचं? लिफ्टला सॉरी म्हणणारा माणूस तो. त्याच्याच्याने ते होणं शक्य नव्हतं. ते उभे राहिले, मालकांपुढे वाकले आणि म्हणाले, "त्यांनी सांगितलं तसंच करू."

परतताना पुन्हा तीच वाहतूक. शीळफाट्याला गाड्या ठप्प. ती पुढे, शाल मांडीवर घडी करून. मी मागे साहेबांच्या शेजारी. साहेब चिडले असतील तर तिचा अर्ज गेला, आणि तो मी गप्प बसल्यामुळे गेला, असं सारखं वाटत होतं. शेवटी साहेबांनीच मला विचारलं, "मालकांचा काही गैरसमज झालाय का?"

"मला त्यांनी काही विचारलं नाही," मी म्हटलं. हे शंभर टक्के खरं होतं.

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. ट्रकच्या मागे ट्रक. मग पुढच्या सीटकडे वाकून तिला म्हणाले, "उद्याही त्याच खुर्चीत बसा. आता बदललं तर त्यांना वाईट वाटेल."

ड्रायव्हरला जपानी कळत नाही, पण त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने हळूच गाणी लावली.

तो आठवडाभर डोंबिवलीत तीच साहेब होती. रबर कुठलं, साचा कधी, तपासणी कशी, सगळे प्रश्न टॉवेलवाल्या खुर्चीकडे. पहिल्या दिवशी ती प्रत्येक उत्तराआधी भिंतीकडे बघायची. साहेब रुमाल काढायचे आणि मान हलवायचे. नंतर नंतर ती भिंतीकडे बघायची विसरायला लागली. तारखेसाठी तिने मुख्यालयात फोन केला. पलीकडच्या माणसाचा चढलेला आवाज मला लांबून ऐकू येत होता. तिने शांतपणे त्याला तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल सांगितलं, त्यांच्या भाताबद्दल सांगितलं, आणि वाढीव दिवस घेऊनच फोन ठेवला. साहेब हे सगळं ऐकत होते. एकदा मधे तिला मदत करावी म्हणून ते उठले, आणि मग पुन्हा बसले.

निघायच्या दिवशी साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या खुर्चीवर टॉवेल का असतो?" मी सांगितलं. त्यांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तो गंभीर माणूस भिंतीला हात टेकून हसला. तीच भिंत, चटका बसला. "ही गोष्ट आमच्या ऑफिसात कुणाला सांगू नका," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी बघतो म्हणालो होतो. बघितलं."

नंतर बरेच महिने काही कळलं नाही. मी रोज वाट बघायची आणि नवऱ्यावर चिडायची. मग एका सकाळी मी मेथी निवडत होते आणि फोन वाजला. ती होती. "झालं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. नवरा घाबरून बाहेर आला, म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "गेलं नाही रे, चढलं!"

यंदा थंडीत ती पुन्हा डोंबिवलीला आली. आता तिच्याकडे कार्ड आहे, ते तिने मला आधी दाखवलं. बरोबर एक तरुण, नुकता नोकरीला लागलेला, दोन्ही हातांत पिशव्या. मालकांना मी मधल्या काळात खरं काय ते सांगून टाकलं होतं. ते आधी शरमले आणि मग महिनाभर सगळ्यांना तीच गोष्ट सांगत सुटले. पण जपानी पद्धत कळल्यामुळे या खेपेला त्यांनी मोठ्या कौतुकाने टॉवेलवाली खुर्ची आत, तापलेल्या भिंतीशी नेऊन ठेवली होती.

ती खोलीत आली. आतल्या टॉवेलकडे पाहिलं, दाराजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आणि स्वतः जाऊन ती खुर्ची ढकलत ढकलत एसीखाली घेऊन आली. मालक "अहो मॅडम, अहो राहू द्या," करत मागे. तो पोरगा पार गोंधळला. त्याची साहेबच दारात बसल्यावर त्याने त्याहून खाली कुठे बसायचं? बिचारा फिरत फिरत शेवटी भिंतीशी जाऊन बसला आणि पाचव्या मिनिटाला त्याने रुमाल काढला.

मी माझं स्टूल ओढलं, तिच्या मागे, तिरकं, नेहमीसारखं. ती मागे वळली. तिने शेजारची खुर्ची टेबलापासून मागे ओढली आणि माझ्यासाठी धरून ठेवली. मालक थांबले, तो पोरगा बघायला लागला. माझ्या हातातली वही खाली पडली. मी उचलली आणि जाऊन टेबलाशी बसले. माझ्यापुढे पाण्याची बाटली आली.

पहिलं वाक्य मी टेबलावर कोपर टेकून सांगितलं. इतकी वर्षं मी त्या खोलीत जातेय, पण तिथे एसीची हवा एवढी छान लागते हे मला त्या दिवशी कळलं.